वीजबचतीकडून कार्बनकपातीकडे : महाराष्ट्रातल्या वीज कंपन्यांच्या योजनांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान घरगुती ग्राहक, सोसायट्यांचे पदाधिकारी, शेतकरी आणि ग्रामपंचायतींसाठी आहे. दर आणि अनुदानाचे आकडे बदलत असतात, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी ताजा दर आदेश आणि योजनेचं परिपत्रक पाहून घ्या.

वीज वाचवणं आणि कार्बन कमी करणं यात फरक काय? युनिट वाचलं की कोळसा वाचला, एवढंच ना?

बऱ्याच अंशी तेवढंच, पण आता पूर्णपणे नाही. उद्योगांच्या वेळेनुसार दरांकडे पाहिलं की बदल लगेच कळतो. आधीच्या दर आदेशांत सकाळी 9 ते दुपारी 12 या वेळेत युनिटमागे 80 पैसे जास्त आणि संध्याकाळी 6 ते रात्री 10 मध्ये 1 रुपया 10 पैसे जास्त आकारले जायचे. रात्री 10 ते सकाळी 6 दीड रुपया सवलत असायची. औष्णिक (कोळशावरचे) संच रात्री बंद करून सकाळी पुन्हा चालू करणं परवडत नाही, म्हणून रात्रीची वीज कोणीतरी वापरावी यासाठी ती सवलत होती. 2025 च्या दर आदेशात सवलत आली ती सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेला, कारण त्या वेळात आता सौर वीज भरपूर असते. ज्या तासाला दंड होता, त्याच तासाला आता सवलत आहे.

देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ही सरासरी झाली. दुपारी एकला कोळशाचे संच जमेल तेवढे खाली आणले जातात, पण साधारण 55 टक्क्यांच्या खाली ते उतरवता येत नाहीत. रात्री आठला सूर्य नसतो, तेव्हा तेच संच पूर्ण भाराने चालतात आणि कोयनेचं पाणी सोडावं लागतं. त्यामुळे रात्री आठला वाचवलेलं युनिट आज सर्वांत मोलाचं. योजना आखणाऱ्यांसमोरचा प्रश्न "किती युनिटं वाचली" इथून "कोणत्या वेळची आणि कशापासूनची वाचली" इथपर्यंत आला आहे.

आधीच्या योजना कशा होत्या?

त्या टंचाईतून आल्या होत्या. 2005 मध्ये राज्य वीज मंडळाचं विभाजन झालं तेव्हा भारनियमन हा रोजचा विषय होता. संध्याकाळच्या कमाल मागणीत मेगावॉट कमी पडत होते, म्हणून अक्षय प्रकाश योजना आली: गावाने संध्याकाळी पंप आणि जड उपकरणं बंद ठेवायची, त्या बदल्यात गावाला दिव्यापुरती वीज मिळायची. पाठोपाठ सिंगल फेजिंग (दिव्यांपुरती वीज चालू, थ्री फेजचे पंप बंद) आणि गावठाण फीडर, म्हणजे वस्तीची वीजवाहिनी, शेतीपासून वेगळे करण्याची कामं झाली. 2010 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने मागणी व्यवस्थापनाचे, म्हणजे ग्राहकांचा वीजवापर आणि त्याची वेळ बदलणाऱ्या योजनांचे, विनियम आणले. एखाद्या योजनेचा खर्च तिच्यातून वाचणाऱ्या विजेच्या किमतीपेक्षा कमी आहे का, हे तपासणं तेव्हापासून बंधनकारक झालं. 2006 पासून उपकरणांवर वीजबचतीचे तारे (स्टार) दिसू लागले, 2015 पासून उजाला योजनेतून स्वस्त एलईडी बल्ब घरोघरी गेले.

यातल्या कोणत्याही योजनेच्या कागदांत कार्बन हा मुख्य हेतू नव्हता. तरी पुढचं काम त्यांच्याच पायावर उभं राहिलं.

कोणत्या अर्थाने?

गावठाण फीडर वेगळा करणं हे त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण. पूर्वी गाव आणि शिवार एकाच 11 केव्हीच्या वाहिनीवर असायचं. पंप बंद ठेवायचे तर अख्ख्या गावाचा थ्री फेज तोडावा लागायचा. वाहिन्या वेगळ्या झाल्या आणि शेतीचा भार उपकेंद्रात एका स्विचवर आला, म्हणजे तो चोवीस तासांत हवा तिथे सरकवता येऊ लागला. अनेक वर्षं त्याचा उपयोग शेतकऱ्याला पाळीने रात्रीची वीज देण्यासाठी झाला. अंधारात साप-विंचू आणि काही भागांत बिबट्याची भीती असताना पाणी भरायला जाणं हा त्याचा परिणाम. आता त्याच वेगळ्या फीडरवर दिवसा सौर वीज देता येते. फीडर वेगळे झाले नसते तर सौर कृषी वाहिनी योजना कागदावरच राहिली असती.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना प्रत्यक्षात कशी चालते?

योजना 2017 ची. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथून सुरुवात झाली. तिचा दुसरा, मोठा टप्पा 2023 मध्ये आला. कृषी फीडर असलेल्या 33/11 केव्ही उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहतो आणि स्वतंत्र 11 केव्ही वाहिनीने उपकेंद्राच्या बसला (सगळ्या वाहिन्या जिथे एकत्र येतात त्या पट्टीला) जोडला जातो. शेतकऱ्याच्या पंपाला, मीटरला, तारेला कोणी हात लावत नाही. त्याला फक्त दिवसा आठ तास थ्री फेज वीज मिळते. या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला 2024 मध्ये सुरू झाला, 3 मेगावॉटचा.

एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. वर्षाला त्यातून 15 ते 17 लाख युनिटं निघतात. ही वीज महावितरणला युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास पडते आणि करार 25 वर्षांचा असतो. औष्णिक वीज शेकडो किलोमीटर वाहून आणण्याची हानीही वाचते.

अडतं कुठे, तर उपकेंद्रात. 33 केव्हीची येणारी वाहिनी बंद पडली की लख्ख उन्हात प्रकल्प थांबतो, कारण ग्रिडचा आधार नसेल तर इन्व्हर्टर चालत नाहीत. पावसाळ्यात पंप बंद असतात, मग वीज उपकेंद्रातून उलट वर चढते आणि व्होल्टेज वाढतं. ते मर्यादेबाहेर गेलं की इन्व्हर्टर एकामागून एक बाहेर पडतात. उन्हाळ्यात याच्या उलट: सगळे पंप एकदम चालू आणि शेवटच्या डीपीवर (शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर) व्होल्टेज 350 च्याही खाली. त्यामुळे प्रकल्पासोबत उपकेंद्रात व्होल्टेज सावरणारी कॅपॅसिटर बँक बसणं, पॉवर ट्रान्सफॉर्मरचे टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या जोडण्या) नीट लागणं आणि लोंबकळत्या तारा ओढल्या जाणं ही कामं व्हायलाच हवीत. पॅनेल बसले आणि ही कामं राहिली, तर शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते पण मोटार जळते.

आमच्या गायरानावर प्रकल्प येतोय. ग्रामपंचायतीने काय पाहावं?

खासगी जमीन भाड्याने दिल्यास वर्षाला हेक्टरी 1 लाख 25 हजार रुपये आणि मूळ दरावर दरवर्षी 3 टक्के वाढ, असा दर आहे. प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख याप्रमाणे तीन वर्षं अनुदान मिळतं. पैशांइतक्याच महत्त्वाच्या गोष्टी लेखी घ्या: गुरांची चराई आणि पाणंद रस्ता कुठून जाणार, पॅनेल धुण्याचं पाणी कोणत्या स्रोतातून येणार, पावसाचं पाणी कोणत्या ओढ्याकडे वळणार, आणि राखणदारी व गवत काढण्याची कामं गावातल्या माणसांना मिळणार का. विरोध बहुतेक वेळा चराईवरून होतो, आणि तो रास्त असतो. जागा ठरण्यापूर्वी ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लावून चर्चा केली तर बरेच वाद तिथेच मिटतात.

"मागेल त्याला सौर कृषिपंप" घ्यावा की सौर फीडरची वाट पाहावी?

शेतात वीजजोडणीच नसेल, डीपी लांब असेल, तर सौरपंप घ्या. सर्वसाधारण गटाला किमतीच्या 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना 5 टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5 एचपी, त्यापुढे 7.5 एचपी. पाच वर्षं दुरुस्तीची हमी असते.

जोडणी आधीपासून असेल आणि तुमचा फीडर सौर होणार असेल, तर आमच्या मते तीच जोडणी टिकवणं बरं. सौरपंपाचे पॅनेल पीक नसताना, पाऊस पडत असताना, विहीर आटल्यावर रिकामे उभे असतात. त्या दिवसांची वीज कोणाच्याच कामी येत नाही. फीडरवरच्या प्रकल्पाची वीज मात्र दुसऱ्या गावाला जाते. तसंच विहिरीची खोली 250 फूट आणि पंप 3 एचपीचा, अशी विसंगत निवड झाली तर ढगाळ दिवशी पाणी वर येतच नाही. अर्जात पाण्याची पातळी लिहिताना मे महिन्यातली लिहा, श्रावणातली नको.

7.5 एचपीपर्यंत शेतीची वीज मोफत आहे. मग पंपाची कार्यक्षमता कशाला पाहायची?

एप्रिल 2024 पासून बळीराजा मोफत वीज योजनेत बिल शून्य झालं आणि वीज वाचवण्याचं आर्थिक कारणही त्यासोबत गेलं. या क्षेत्रातली ही सर्वांत अवघड गाठ आहे. मंगळवेढा-पंढरपूर भागात दोन हजारांहून अधिक जुने पंप बदलून तारांकित पंप बसवण्याचा देशातला पहिला मोठा प्रयोग झाला होता. वाचलेली वीज कोणाच्या खिशात जाते हे शेतकऱ्याला दिसत नसेल, तर नवा पंप जळाल्यावर तो पुन्हा स्थानिक, स्वस्त पंपाकडे वळतो.

तरीही शेतकऱ्याचा स्वतःचा फायदा दोन गोष्टींत आहे, आणि दोन्ही स्वस्त आहेत.

पहिली, कॅपॅसिटर. 3 एचपीला 1, 5 एचपीला 2, 7.5 एचपीला 3 आणि 10 एचपीला 4 केव्हीएआर (कॅपॅसिटरची क्षमता मोजण्याचं एकक). 5 एचपीचा पंप कॅपॅसिटरशिवाय साधारण 9 अँपिअर घेतो, 2 केव्हीएआर लावला की साडेसातच्या आसपास येतो. हानी करंटच्या वर्गाने बदलते, त्यामुळे त्या पंपामुळे तारेत होणारी हानी जवळपास एक तृतीयांशाने घटते आणि शेवटच्या शेताचं व्होल्टेज सुधारतं. कॅपॅसिटर स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला जोडा, म्हणजे मोटारीबरोबरच तो चालू-बंद होतो. मागे, मेनच्या बाजूला जोडला तर मोटार बंद असतानाही तो वाहिनीवर राहतो.

दुसरी, ऑटोस्विच, म्हणजे वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा स्विच, काढून टाकणं. 100 केव्हीएच्या डीपीचा पूर्ण भाराचा करंट 133 अँपिअर. तिच्यावर 5 एचपीचे पंधरा पंप म्हणजे चालताना जवळपास तेवढाच. पण वीज आली आणि पंधराही पंप एकाच क्षणी उठले, तर सुरुवातीचा करंट सहापट, म्हणजे 800 अँपिअरच्या घरात. फ्यूज उडतो. मग कोणीतरी तिथे जाड तार बांधतं, आणि पुढच्या वेळी फ्यूजच्या जागी डीपीच जळते. ती बदलून येईपर्यंत पीक सुकतं.

फूटव्हॉल्व्ह आणि पाइपचं काय?

जाळी गच्च भरलेला फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) आणि अडीच इंचांच्या पंपाला दोन इंची पाइप, या दोन कारणांनी नवा पाच तारांकित पंपसुद्धा जुन्यासारखाच वागतो. आधी ते बदला. आणि मोटार एकदा-दोनदा रिवाइंड झाली की तिची कार्यक्षमता दर वेळी थोडी उतरते, हेही धरून चाला.

घरात आधी काय बदलावं?

पंखे. जुना पंखा 75 वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रशविना मोटारीचा नवा पंखा) 30 वॉटच्या आसपास. रोज 12 तास, वर्षाला 300 दिवस धरले तर एका पंख्यामागे 162 युनिटं वाचतात, म्हणजे शंभर किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड. शिवाय पंखा रात्री चालतो, त्यामुळे ही बचत कोळशाच्या तासांतली असते. जुना रेग्युलेटर बीएलडीसी पंख्याला ठेवू नका. इलेक्ट्रॉनिक सर्किट खराब होण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

त्यानंतर एसी 24 अंशांवर, मग गिझर. सौर बंबाला जागा नसेल आणि कुटुंब मोठं असेल तर हीट पंप पाहा. साध्या गिझरच्या सुमारे एक तृतीयांश विजेत तो तेवढंच पाणी तापवतो. पाणी क्षारयुक्त असेल तर सौर बंबाच्या नळ्यांत थर बसतो, दर वर्षी साफसफाई ठरवूनच ठेवा.

गॅस सोडून इंडक्शनवर गेलो तर कार्बन कमी होईल का?

आजच्या ग्रिडवर, रात्रीच्या स्वयंपाकासाठी, नाही. 14.2 किलोंच्या एका सिलिंडरमधून ज्वलनाचा सुमारे 42 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला साधारण 140 युनिटं लागतात, म्हणजे सरासरीने 98 किलो. छतावर सोलर असेल आणि दुपारचा स्वयंपाक त्यावर होत असेल तर हिशेब उलटतो. घरातला धूर-उष्णता कमी होणं, सिलिंडरचा खर्च, ही कारणं वेगळी आणि तितकीच खरी.

विजेच्या स्कूटरचं गणित मात्र आजच जुळतं. शंभर किलोमीटरला सुमारे 3 युनिटं, म्हणजे दोन किलोंच्या आसपास. पेट्रोलची स्कूटर तेवढ्या अंतरात साडेचार किलोंहून जास्त सोडते. चार्जिंग दुपारी केलंत तर फरक आणखी वाढतो.

छतावरच्या सोलरसाठी किती किलोवॉट घ्यावेत?

मागच्या बारा बिलांची युनिटं जोडा, बाराने भागा. 1 किलोवॉट महिन्याला सरासरी 100 ते 120 युनिटं देतो, जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून बरीच कमी. प्रत्येक किलोवॉटला सुमारे 100 चौरस फूट सावलीविना जागा लागते. पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॉटला 30 हजार, 2 किलोवॉटला 60 हजार आणि 3 किंवा त्यापुढे 78 हजार रुपये अनुदान आहे. गृहनिर्माण सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसारख्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18 हजार. अनुदानासाठी देशी सेलचे पॅनेल लागतात.

गरजेपेक्षा मोठा संच लावून वीज विकून कमावू, हा हिशेब चुकतो. जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जातात, पण 31 मार्चला जी शिल्लक राहते तिला तुमच्या बिलाच्या दरापेक्षा खूपच कमी दर मिळतो. स्थिर आकारही भरावा लागतोच.

काम घेताना पुढच्या गोष्टी स्वतः पाहा:
– पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरमध्ये, दुपारी तीनला कुठे पडते. एका पॅनेलवरची सावली त्याच मालिकेतल्या इतरांनाही खाली ओढते.
– अर्थिंग तीन आणि वेगळी: पॅनेलच्या डीसी बाजूचं, एसी बाजूचं आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचं. पैसे वाचवायला तिन्ही एकाच खड्ड्यात जोडली जातात. वीज पडली की इन्व्हर्टर त्याच वाटेने जातो.
– सांगाडा गरम गॅल्व्हनाइज केलेला असावा. कोकणात रंगवलेलं लोखंड दोन पावसाळ्यांत गंजतं.
– पॅनेल महिन्यातून दोनदा, सकाळी उन्हापूर्वी धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.
– नेट मीटर बसल्यानंतरच्या पहिल्या बिलात आयात आणि निर्यात दोन्ही युनिटं दिसतात का ते तपासा. निर्यात शून्य दिसत असेल तर त्याच महिन्यात लेखी तक्रार करा.

लाइट गेली की सोलर पण बंद का होतं?

लाइनमन खांबावर काम करत असताना तुमच्या छतावरून तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून ग्रिड गेल्यावर इन्व्हर्टरने थांबायचं असतं. बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तर घरापुरती वीज चालू राहते, खर्च मात्र बराच वाढतो.

मुंबईत कंपन्या वेगळं काय करत आहेत?

मुंबईला जागा नाही, म्हणून वीज बाहेरून आणावी लागते. अदानी इलेक्ट्रिसिटी जैसलमेरच्या 700 मेगावॉट पवन-सौर प्रकल्पातून वीज घेते. 12 नोव्हेंबर 2023 ला, दिवाळीच्या दिवशी सकाळी 10 ते दुपारी 2 तिचं पूर्ण वितरण अक्षय ऊर्जेवर चाललं. सुट्टीचा दिवस आणि दुपारचे तास असल्याने ते जमलं. कामाच्या दिवशी रात्री आठला हे करायचं तर साठवण लागेल. त्यासाठी घाटघरसारखे उदंचन प्रकल्प हवेत, जिथे दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवून संध्याकाळी सोडलं जातं. घाटघरची क्षमता 250 मेगावॉट आहे. भिवपुरी आणि शिरवटा इथे टाटा पॉवरने याहून कितीतरी मोठे प्रकल्प योजले आहेत. बाहेरची वीज शहरात आणणाऱ्या वाहिन्याही तितक्याच गरजेच्या. 400 केव्हीची खारघर–विक्रोळी वाहिनी 2023 मध्ये सुरू झाली.

हरित दर घेतला तर आपल्याला खरंच हिरवी वीज मिळते का?

तारेतून येणारी वीज तीच असते. 2021 मध्ये आयोगाने युनिटमागे 66 पैसे जादा भरून हा पर्याय सर्व ग्राहकांना खुला केला. आताचा दर ताज्या आदेशात पाहा. तुमच्या वापराइतकी अक्षय वीज कंपनीने तुमच्या नावे मोजायची असते. छत नसलेल्या भाडेकरूसाठी आणि कार्यालयांसाठी हा मार्ग ठीक आहे. स्वतःचं छत असेल तर तो पैसा सोलरमध्ये घाला.

कंपनी "इतके टन कार्बन वाचवला" म्हणते. ते तपासायचं कसं?

तीन प्रश्न विचारा. तुलना कशाशी केली: बंद पडलेल्या जुन्या पंख्याशी, की आज बाजारात मिळणाऱ्या साध्या पंख्याशी? तास मोजले की गृहीत धरले? वाटलेली उपकरणं दोन वर्षांनी वापरात आहेत का, हे कोणी जाऊन पाहिलं? जुना फ्रिज बदलून घेतला पण तोच दुसऱ्या खोलीत चालू राहिला, तर बचत उणे होते. म्हणून जुनं उपकरण परत घेऊन मोडीत काढणाऱ्या योजनाच भरवशाच्या. आणि एकूण खरेदीत अक्षय विजेचा वाटा किती, हे बंधनाशी ताडून पाहा: केंद्राच्या अधिसूचनेनुसार तो 2029-30 पर्यंत 43.33 टक्क्यांवर न्यायचा आहे.

हे सगळं ठरतं तिथे आपल्याला बोलता येतं का?

येतं. वीज कंपनीची दर याचिका दाखल झाली की राज्य वीज नियामक आयोगाच्या निर्देशानुसार कंपनी वर्तमानपत्रांतून जाहीर सूचना देते आणि ठरलेल्या मुदतीत लेखी हरकती घेतल्या जातात. त्यानंतर सार्वजनिक सुनावणी होते, तिथे वकिलाची गरज नसते. हरकत मराठीत लिहिता येते. याचिकेतल्या मागणी व्यवस्थापनाच्या प्रकरणाचा परिच्छेद क्रमांक द्या, आपल्या फीडरचं नाव आणि वीज जाण्याच्या तारखांची नोंद जोडा, आणि नेमकी एक मागणी करा. उदाहरणार्थ, या उपकेंद्रात सौर प्रकल्प जोडण्यापूर्वी कॅपॅसिटर बँक बसवावी. मोघम नाराजीला मोघम उत्तर मिळतं. परिच्छेद क्रमांकासह विचारलेल्या प्रश्नाला कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते आदेशात छापलं जातं.